पांढरी लेडीज स्लिपर दरवर्षी खुरटत जाते किंवा वर येतच नाही: तपासणीचा क्रम

मिनेसोटा, विस्कॉन्सिन, आयोवा आणि इलिनॉय या पट्ट्यात राहून बाग करणाऱ्या मराठी मंडळींकडून दर मे महिन्यात मला एकच तक्रार ऐकू येते. भरपूर पैसे मोजून रोपवाटिकेतून पांढरी लेडीज स्लिपर ही आमरी (ऑर्किड) आणली, पहिल्या वर्षी फूल आले, दुसऱ्या वर्षी नुसती पाने आली आणि तिसऱ्या वर्षी जागेवर फक्त नावाची पट्टी उरली. गेल्या चौदा वर्षांत माझ्या स्वतःच्या वाफ्यात आणि ओळखीच्या वीस-बावीस घरी मी ही तक्रार हाताळली आहे. रोप मुळात ज्या कारणाने अडते त्या कारणापेक्षा जास्त नुकसान ते दुरुस्त करायला निघालेल्या माणसाच्या खुरप्याने होते, असा माझा अनुभव आहे. म्हणून खालचा क्रम मुद्दाम असा लावला आहे की गड्डा, म्हणजे रोपाचे जमिनीखालचे खोड, उकरण्याची वेळ सगळ्यांत शेवटी यावी, आणि शक्यतो येऊच नये.

लक्षणे

१. मे संपत आला तरी कोंब नाही, किंवा गेल्या वर्षी चार होते तिथे यंदा एक-दोनच आले आहेत.
२. कोंब आले, पाने उघडली, पण पानांचे शेंडे तपकिरी होऊन करपत खाली सरकत आहेत.
३. पाने हिरवी आणि धड आहेत, पण रोप लांबुळके, लवलेले आहे आणि फूल नाही.
४. उभा कोंब दोन-तीन दिवसांत मान टाकतो. हलके ओढले की बुडाशी सुटून हातात येतो आणि बुडाशी कुजका वास येतो.
५. कोंब रातोरात जमिनीलगत कापला गेला, किंवा काळा पडून जागीच सुकला.

आपल्या रोपाचे लक्षण यांतले कोणते, हे आधी कागदावर लिहावे. पहिले आणि चौथे लक्षण लोक सर्रास एकच समजतात, आणि न आलेल्या कोंबाला कुजलेला मानून उकरायला घेतात.

ही आमरी कुठली

पांढरी लेडीज स्लिपर, म्हणजे सिप्रिपेडियम कँडिडम, ही उत्तर अमेरिकेच्या उंच गवताच्या प्रेअरीतली जमिनीवर वाढणारी आमरी आहे. कॅनडातील मॅनिटोबापासून डाकोटा, मिनेसोटा, आयोवा, इलिनॉयमार्गे पूर्वेला न्यूयॉर्कपर्यंत ती तुरळक सापडते. उंची वीतभर, फार तर दीड वीत. मे महिन्यात किंवा जूनच्या सुरुवातीला खोडाला बिलगलेल्या पानांमधून एक फूल येते, आणि त्याची पांढरीशुभ्र चकचकीत पिशवी एखाद्या लहान पक्ष्याच्या अंड्याएवढी असते. फुलात मध नसतो. लहान मधमाश्या फसून पिशवीत उतरतात आणि मागच्या अरुंद वाटेने पराग अंगाला लावून बाहेर पडतात. या गवताळ प्रदेशाचा बहुतेक भाग एकोणिसाव्या शतकात नांगराखाली गेला. प्रेअरीचे राज्य म्हणवणाऱ्या इलिनॉयमध्ये मूळ प्रेअरीचा एक टक्काही शिल्लक नाही.

रोपाचा स्वभाव समजण्यासाठी तिचे ठिकाण डोळ्यांसमोर आणावे लागते. चुनखडीयुक्त, बुडाशी सतत ओल असणारी, पण पाणी साचून न राहता झिरपत पुढे सरकणारी जमीन. डोक्यावर झाडाची सावली नाही. शेजारी ठेंगणे गवत आणि लव्हाळे. वसंतात किंवा शरदात अधूनमधून लागणारा वणवा. आणि चार-पाच महिने गोठलेली भुई. मी मूळचा साताऱ्याकडचा. कासच्या पठारावर हबेनारिया कुळीच्या आमरी पावसाळ्यात फुलतात आणि पाऊस सरला की कंदाच्या रूपाने जमिनीत दडी मारतात. तिथे ही दडी कोरड्या महिन्यांसाठी असते, इथे गोठणाऱ्या महिन्यांसाठी. म्हणूनच पुण्या-नाशिकला हे रोप लावता येईल का, या नेहमीच्या प्रश्नाला माझे उत्तर नाही असेच असते. किमान तीन महिन्यांची कडक थंडी मिळाली नाही तर पुढचा डोळा नीट फुटत नाही. शिवाय आमरींचे सगळे कुळ साइट्स कराराखाली, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराखाली, येते, त्यामुळे आई-वडिलांच्या बॅगेत गड्डा गुंडाळून भारतात पाठवणे हा बेकायदा मार्ग आहे.

पहिली तपासणी: कॅलेंडर

खर्च शून्य. दक्षिण मिनेसोटात एप्रिलच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत कोंब येतात. घराच्या उत्तरेला बर्फ उशिरा वितळतो, तिथे आणखी आठ-दहा दिवस लागतात. शेजाऱ्याकडे आले आणि आपल्याकडे नाही, एवढ्यावरून काही ठरत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही आमरी पूर्ण वाढलेली असतानाही एखादे वर्ष, कधी त्याहून जास्त काळ, जमिनीखालीच काढते. रानातल्या खुणा केलेल्या रोपांवरच्या अभ्यासांत हे स्पष्ट दिसून आले आहे. तेव्हा एक हंगाम कोंब आला नाही, याचा अर्थ रोप मेले असा होत नाही. शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात एका काकूंनी मला बोलावले होते. त्यांनी एकाच मे महिन्यात तीन वेळा जागा उकरून पाहिली होती, आणि मी गेलो तेव्हा त्यांच्या तळहातावर मटकीच्या मोडासारखा पांढरा, टोकदार, पाऊण इंचाचा कोंब होता, तिसऱ्या उकरण्यात मोडलेला. गड्डा टणक होता, मुळे पिवळसर आणि भरलेली होती. रोपाला काहीही झालेले नव्हते. त्या वर्षीचा कोंब मात्र गेला, आणि मोडलेल्या कोंबाच्या जागी त्याच वर्षी दुसरा येईल याचा भरवसा धरता येत नाही.

पाहायचेच असेल तर खुरपे घरात ठेवून बोटांनी वरचा पालापाचोळा बाजूला करावा आणि मातीच्या पृष्ठभागाशी टोक दिसते का एवढेच बघावे. नाही दिसले तर पाला परत सारावा आणि तारीख लिहून ठेवावी.

दुसरी तपासणी: बेणे कुठून आले

विक्रेत्याला एक प्रश्न विचारायचा: हे रोप प्रयोगशाळेत बियांपासून तयार झाले आहे का? ‘रोपवाटिकेत वाढवलेले’ या उत्तरावर समाधान मानू नये, कारण रानातून उपटलेला गड्डा एक हंगाम कुंडीत ठेवला की त्यालाही तसे म्हणता येते. असा गड्डा साठवलेल्या अन्नावर एक-दोन वर्षे फुलतो आणि मग संपतो. ‘पहिल्या वर्षी फूल, तिसऱ्या वर्षी पट्टी’ या गोष्टीचा उलगडा अनेकदा इथेच होतो. संशय येण्यासारख्या खुणा म्हणजे फावड्याने तोडल्यासारखी आखूड मुळे, मुळांत अडकलेली चिकण माती आणि रानगवताचे तंतू, आणि विश्वास बसणार नाही इतकी कमी किंमत.

आमरीच्या धुळीएवढ्या बीमध्ये अन्नाचा साठा नसतो. रानात ते ठरावीक बुरशीच्या आधाराने रुजते आणि प्रयोगशाळेत निर्जंतुक बाटलीतल्या पोषक द्रवावर. पुढे फूल यायला कितीतरी वर्षे लागतात. किंमत जास्त असते ती यामुळे. जाता जाता, दुकानात मिळणारी ‘मायकोरायझा’ची पाकिटे यासाठी घेऊ नयेत. त्यांतली बुरशी भाजीपाल्याच्या आणि वृक्षांच्या मुळांशी जमणारी असते, आमरीची सोबतीण वेगळीच असते.

तिसरी तपासणी: ऊन आणि शेजार

तिसऱ्या लक्षणाचे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते. लेडीज स्लिपर म्हणजे जंगलातले सावलीचे झाड, अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि तिच्या काही बहिणींच्या बाबतीत ती खरी आहे. कँडिडम मात्र उघड्या गवताची आहे. रोप लावले तेव्हा पाच-सहा तास ऊन होते, पण शेजारच्या मेपलने सहा वर्षांत काय केले, हे कोणी मोजत नाही. मेच्या एका मोकळ्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता सावली कुठे पडते ते पाहावे. निम्मा दिवस ऊन नसेल तर फांद्या छाटाव्यात. ते शक्य नसेल तर जागा बदलण्याचा विचार शरदासाठी राखून ठेवावा.

शेजारची गोल्डनरॉड आणि उंच वाढणारे बिग ब्लूस्टेम गवत दोन-तीन वर्षांत आमरीला झाकून टाकते. रानात हे काम वणवा करतो. गावात वणवा लावता येत नाही आणि लावूही नये. ऑक्टोबरच्या शेवटी सगळे सुकल्यावर गवत बोटभर उंचीवर कापून उचलून न्यावे, म्हणजे वसंतात जमीन लवकर तापते आणि कोंबाला ऊन मिळते.

चौथी तपासणी: पाणी

दुसऱ्या लक्षणासाठी मी सगळ्यांत आधी तळघरात जातो. इथल्या अनेक घरांत पाणी मऊ करणारे यंत्र असते. ते पाण्यातला चुना काढून घेते आणि त्याच्या जागी सोडियम सोडते. आता गंमत अशी की या आमरीला चुना चालतो, किंबहुना तिला तो हवाच असतो. सोसत नाही तो सोडियम. म्हणजे जड पाणी म्हणून ज्याची भीती बाळगली जाते ते निर्धोक, आणि आंघोळीला छान लागणारे मऊ पाणी शेंडे करपवणारे. अंगणातला नळ यंत्राच्या आधीच्या नळीवर असेल असे गृहीत धरू नये. काही घरांत तो नंतरच्या नळीवर असतो. नळी हाताने चाचपत शेवटपर्यंत पाहावी.

पाण्यातले एकूण क्षार मोजणाऱ्या स्वस्त मीटरवर इथे अवलंबून राहू नये. ते क्षार किती आहेत एवढेच सांगते, कोणते आहेत ते सांगत नाही, त्यामुळे यंत्राच्या आधीचे आणि नंतरचे पाणी त्याला जवळजवळ सारखेच वाटते. सहकाऱ्यांकडून मीटर उसने आणून ‘पाणी ठीक आहे’ असा निष्कर्ष काढलेली तीन घरे माझ्या आठवणीत आहेत, आणि तिन्ही घरी दोष पाण्याचाच निघाला.

हाच सोडियम दुसऱ्या वाटेनेही येतो. हिवाळ्यात रस्त्यावर आणि पायवाटेवर टाकलेले मीठ बर्फाबरोबर ढकलले जाते आणि वाफ्याच्या कडेला वितळते. रोप रस्त्यापासून सात-आठ फुटांच्या आत असेल आणि शेंडे रस्त्याकडच्या बाजूचेच जास्त करपलेले असतील, तर कारण वेगळे शोधण्याची गरज उरत नाही. उपाय एकच: पिंपात साठवलेले पावसाचे पाणी, आणि वसंतात दोन-तीन वेळा ते भरपूर घालून मीठ खाली धुऊन काढणे. करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. नवीन पानांकडे लक्ष ठेवावे.

खताबद्दल थोडक्यात: मे-जूनमध्ये पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणाच्या पाव भाग, महिन्यातून एकदा, त्यानंतर काहीही नाही. लॉनचे खत आणि तणनाशक वाफ्यापासून चार हात दूर ठेवावे.

पाचवी तपासणी: कोणी खाल्ले, की कडाक्याने मारले

तिरका, स्वच्छ काप असेल तर ससा. कडा कुरतडलेल्या आणि वाळलेला चकचकीत माग असेल तर गोगलगाय. कोंब जमिनीलगत तुटून शेजारीच पडला असेल तर मातीत वेटोळे करून बसलेली करडी अळी, जी आजूबाजूची माती बोटाने चाळली की सापडते. तारेच्या जाळीचा टोप हा सशावर पुरेसा उपाय आहे. कोंब काळा पडला असेल तर आधीच्या चार रात्रींचे तापमान पाहावे. मेच्या पहिल्या पंधरवड्यातही इथे दहिवर पडते. अशा रात्री उलटी बादली झाकली की काम होते, फक्त सकाळी ती काढायला विसरू नये.

सहावी तपासणी: डोळा किती खोल आहे

इथून पुढे मातीला हात लागतो. आमरीचा गड्डा आल्यासारखा आडवा वाढतो आणि पुढच्या वर्षीचे डोळे त्याच्या टोकाला असतात. हे डोळे पृष्ठभागाखाली दोन-तीन सेंटिमीटर असावेत, आणि मुळे उताणी टाकलेल्या पंजासारखी चहूकडे पसरलेली असावीत. ट्यूलिपच्या सवयीने लोक गड्डा वीतभर खोल पुरतात, मग रोपाची सगळी शक्ती वर पोहोचण्यातच जाते आणि दरवर्षी कोंब बारीक होत जातो. उलट हिवाळ्यात भुई गोठते-वितळते तेव्हा उथळ गड्डा वर उचलला जातो आणि डोळे उघडे पडतात.

तपासण्यासाठी बांबूची बारीक काडी डोळ्याच्या जागेपासून दोन बोटे अंतरावर तिरकी घालावी. अडथळा जाणवला की थांबावे आणि खोली मोजावी. डोळे उघडे असतील तर वरून भुसभुशीत माती घालणे एवढेच काम आहे. खोल असतील तर वरची जादा माती हाताने काढून घ्यावी. आच्छादनाचा थर चार-पाच बोटांचा झाला असेल तर तोही खोल लावण्यासारखाच त्रासदायक ठरतो.

सातवी तपासणी: निचरा

चौथ्या लक्षणाचे, म्हणजे मूळकुजीचे, हे मुख्य कारण आहे. ‘ओली प्रेअरी’ हे शब्द वाचून लोक रोप चिखलात लावतात. रानातल्या त्या ओलीतून हवा खेळत असते. आपल्या शेतकऱ्यांच्या भाषेत सांगायचे तर या आमरीला बारमाही वाफसा हवा असतो.

सर्वांत घातक चूक अगदी चांगल्या हेतूने होते. चिकण मातीत हातभर खड्डा खणायचा, त्यात पिशवीतली भुसभुशीत, कंपोस्टयुक्त माती भरायची आणि मधोमध रोप लावायचे. आजूबाजूची चिकण माती पाणी जाऊ देत नाही, खड्ड्यातली माती ते शोषून घेते, आणि पहिल्याच मोठ्या पावसात त्या खड्ड्याची बादली होते. वरून माती छान कोरडी दिसते, मुळे मात्र पाण्यात असतात. परीक्षेसाठी रोपापासून दीड-दोन फुटांवर, मूळ मातीत, फूटभर खोल खड्डा घ्यावा, तो एकदा भरून पाणी मुरू द्यावे आणि दुसऱ्यांदा भरून घड्याळ लावावे. तीन-चार तासांत मुरले तर ठीक. दुसऱ्या दिवशीही तळाशी पाणी दिसले तर त्या जागेवर खत, औषध, पाण्याचे वेळापत्रक यांपैकी कशाचाही उपयोग होणार नाही. जमिनीच्या वर वीतभर उंचीचा गादीवाफा करून रोप त्यावर हलवावे लागेल. मी त्यासाठी दोन भाग परलाइट किंवा जाड वाळू, एक भाग बागेची साधी माती आणि ओंजळभर चुनखडीची चुरी घेतो. कंपोस्ट अजिबात घालत नाही.

चुनखडी का, ही आठवी तपासणी, आणि तिचे उत्तर लहानच आहे. गुलाबी लेडीज स्लिपर, म्हणजे सिप्रिपेडियम अकाउले, पाइनखालच्या अत्यंत आम्ल मातीत वाढते. तिच्यासाठी लिहिलेला सल्ला वाचून लोक कँडिडमला पीट आणि पाइनची पाने घालतात. हिला सामू (pH) सातच्या आसपास किंवा थोडा वर लागतो. मातीचा नमुना विद्यापीठाच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत पाठवावा. मिनेसोटा विद्यापीठाची अशी प्रयोगशाळा आहे आणि तिथली फी एका रोपाच्या किमतीपेक्षा कमीच पडते.

शेवटची तपासणी: गड्डा काढून पाहणे

वरचे सगळे झाल्यावर, आणि निचरा किंवा खोली सदोष आहे याची खात्री पटल्यावरच हे करावे. वेळ सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, पाने पिवळी पडून आडवी झाल्यावर. वसंतात काढलेला गड्डा सावरायला फार वेळ घेतो. रोपापासून फूटभर अंतरावरून गोलाकार कुदळी घालून पूर्ण ढेकूळ उचलावे आणि बादलीतल्या पाण्यात माती आपोआप सुटू द्यावी, झटकू नये. निरोगी मूळ पिवळसर-तपकिरी आणि दाबल्यावर टणक लागते. कुजलेले मूळ चिमटीत धरून ओढले तर वरचे साल मोज्यासारखे निघून येते आणि आत नुसता दोरा उरतो. असा भाग ज्योतीवर तापवून निववलेल्या पात्याने कापावा आणि प्रत्येक रोपासाठी पाते पुन्हा तापवावे, कारण विषाणू पात्यावरून पसरतात. या निमित्ताने गड्ड्याचे तुकडे करून रोपे वाढवण्याचा मोह होतो. आजारी गड्ड्याच्या बाबतीत तो आवरावा, आणि निरोगी असला तरी एका तुकड्यात तीनपेक्षा कमी डोळे ठेवू नयेत.

इथे थांबा

पानांवर फिकट-गडद रेषांची किंवा ठिपक्यांची नक्षी उमटली असेल आणि फुलाचा आकारही वेडावाकडा असेल, तर तो विषाणू असू शकतो. त्यावर घरगुती उपाय नाही. पाते लावू नका. पानाचा नमुना विद्यापीठाच्या वनस्पतिरोग निदान केंद्राकडे द्या आणि उत्तर येईपर्यंत त्या वाफ्यातले एकही रोप हलवू नका. एका आठवड्यात वाफ्यातली सगळीच रोपे कोसळली, तरीही हेच करा, कारण त्यामागे मातीतला रोग किंवा कुठून तरी उडून आलेले तणनाशक असते आणि डोळ्यांनी पाहून त्यांतले नेमके कोणते ते ओळखता येत नाही.

गड्ड्याला एकच डोळा उरला असेल तर तो काढूच नका. प्रयोगशाळेत रोपे तयार करणाऱ्या एखाद्या जाणकार रोपवाटिकेला छायाचित्रे पाठवून विचारा. बदली रोप घ्यायचे ठरले, तर पहिल्यांदाच लावणाऱ्याने कँडिडम आणि पिवळी लेडीज स्लिपर यांचा संकर असलेले अँड्र्यूसी घ्यावे, असे माझे मत आहे. ते जास्त जोमदार असते आणि वर सांगितलेल्या चुका बऱ्याच सोसते.

आणि रोप आपल्या बागेतले नसून शेतकरी मित्राच्या बांधावरचे किंवा रस्त्याकडच्या चारीतले असेल, तर त्याची दुरुस्ती आपल्या हातात नाही. मिनेसोटाने आपल्या राज्यफुलाला, म्हणजे याच कुळातल्या गुलाबी-पांढऱ्या लेडीज स्लिपरला, १९२५ पासून कायद्याचे संरक्षण दिले आहे, आणि रानातली कोणतीही आमरी परवानगीशिवाय उपटता येत नाही. अशा वेळी राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाला जागा कळवावी. जुलैमध्ये कधी कमरेएवढ्या दांड्यावर झालरीच्या पाकळ्यांची पांढरी फुले दिसली आणि अंधार पडल्यावर त्यांना सुगंध सुटला, तर ती निशाचर पतंगांवर परागणासाठी अवलंबून असलेली वेस्टर्न प्रेअरी फ्रिंज्ड ऑर्किड असण्याची शक्यता आहे. ती १९८९ पासून संघराज्याच्या कायद्याखाली धोक्यात आलेली (थ्रेटन्ड) म्हणून नोंदलेली आहे. तिला बागेत आणण्याचा विचार करू नये. छायाचित्र घ्यावे, आपल्या पायांखाली तिची बिनफुलांची रोपे नाहीत ना ते पाहावे, आणि आलेल्या वाटेनेच मागे फिरावे.